लेपाच्या पाकिटावरची ओळ

आता जे लिहिते आहे ते माझ्या तोंडून आजवर कुणीही ऐकलेले नाही. आईने नाही, माझ्या मार्गदर्शक मॅडमनी नाही, आणि जिने सर्वांत आधी ऐकायला हवे होते त्या पल्लवीने तर नाहीच. तुम्हालाच का सांगते आहे, ते मलाही नीटसे ठाऊक नाही. कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. कदाचित आमचा लेप तुम्ही कधी विकत घेतलेला नाही म्हणून — की घेतला आहे?

मी अकोल्याच्या एका फार्मसी कॉलेजात शिकवते. अमरावतीहून रोज जा-ये करते. नव्या वर्गाला पहिल्याच तासाला सांगते की निरीक्षण आणि निष्कर्ष यांच्यामध्ये थोडी जागा मोकळी सोडा, घाईने ती भरू नका. वाक्य चांगले आहे. मुली ते वहीत उतरवून घेतात. मी फळ्याकडे वळते, कारण त्या क्षणी मला कुणाच्या डोळ्यांत बघायचे नसते.

क्रमाने सांगते. निदान तेवढे तरी मला जमते.

आमचे घर फुलांचे. नांदगाव खंडेश्वरला काका शेती करतात, त्यात झेंडू आणि शेवंती. राजापेठेत बाबांचे हारांचे दुकान. दिवाळी सरली की न खपलेला झेंडू पोत्यांनी घरी परत येतो. तो फेकून देणे आईच्या जिवावर येई. मग ती पाकळ्या सावलीत वाळवायची, कुटायची, त्यात मसुराचे पीठ, आंबेहळद आणि कडुलिंबाचा वाळलेला पाला मिसळायची, आणि गल्लीतल्या बायकांना चेहऱ्याला लावायला वाटायची. बायका खूश होत्या. चेहरा थंड वाटतो, म्हणायच्या. त्यापलीकडे कुणाचा काही दावा नव्हता. दावा नंतर मी केला.

बी.फार्म.च्या शेवटच्या वर्षी मला प्रकल्पासाठी विषय हवा होता. विषय नव्हे — खरे बोलायचे ठरवले आहे — मला पहिला क्रमांक हवा होता. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत पहिले यायचे, त्या जोरावर एम.फार्म.साठी चांगल्या ठिकाणी जायचे, पुढे पीएच.डी. सगळा रस्ता मी आखून ठेवला होता. त्यात आईचा लेप अगदी नेमका बसला. स्थानिक वनस्पती, वाया जाणाऱ्या फुलांचा उपयोग, तारुण्यपिटिकांवर सौम्य उपाय. परीक्षकांना आणखी काय हवे असते? आठ मुलींवर बारा आठवडे लेप वापरून बघायचा असे ठरले. सात वसतिगृहातल्या. आठवी मी.

माझा चेहरा तेव्हा कसा होता ते सांगायला हवे. कपाळ, दोन्ही गाल, हनुवटी — मोकळी जागा म्हणून नव्हती. आमच्याकडे दुचाकीवर बसणारी प्रत्येक मुलगी उन्हाधुळीसाठी तोंडाला स्कार्फ गुंडाळते. मी तो वर्गाच्या दारापर्यंत सोडत नसे. तोंडी परीक्षेत प्रश्न विचारणारे सर माझ्या डोळ्यांऐवजी माझ्या गालाकडे बघून बोलत, आणि येत असलेले उत्तर मी अर्ध्यावर सोडत असे. हे कारण म्हणून सांगत नाही. फक्त नोंद.

संमतिपत्राचा मसुदा मीच केला होता. त्यात एक अट होती: अभ्यासाच्या काळात चेहऱ्यावर दुसरे कोणतेही औषध लावणार नाही. त्या अटीखाली पहिली सही माझी आहे.

चार आठवडे मी लेप अगदी निष्ठेने लावला. काहीही झाले नाही. बाकीच्या मुलींचेही विशेष काही झाले नाही. एकीला खाज सुटली म्हणून तिने सोडून दिले. निकाल स्पष्ट होता, आणि मला तो नको होता. पण त्याहीपेक्षा — हे मान्य करायला मला फार वेळ लागला — मला माझा चेहरा बरा करायचा होता, आणि आईच्या लेपाने तो होणार नाही हे मला कळून चुकले होते. अमरावतीत कुणाकडे जावे? राजापेठेत दर चार दुकानांमागे बाबांच्या ओळखीचे कुणीतरी निघते. म्हणून ग्रंथालयाचे निमित्त सांगून बडनेऱ्याहून गाडी पकडली आणि अकोल्याला एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेले.

बाई वयस्कर होत्या. दिव्याखाली माझी हनुवटी दोन बोटांनी वळवून त्यांनी विचारले, “फोडतेस ना?”

मी नाही म्हणाले.

“तुझी नखं वेगळं सांगताहेत, बाई. आणि हे पिवळं काय आहे कानाशी?”

मी लेपाबद्दल सांगितले. घरचा आहे, आई करते, प्रकल्पही त्यावरच आहे, असे सगळेच बोलून गेले. त्या हसल्या. “आईला नमस्कार सांग, आणि लेप आजपासून बंद.” मग त्यांनी चिठ्ठीवर एक जेल लिहून दिले, अ जीवनसत्त्वाच्या कुळातले, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते ते. वाटाण्याएवढे घ्यायचे, झोपताना, चेहरा पूर्ण कोरडा झाल्यावर. दिवसा उन्हापासून जपायचे. निघताना त्यांनी बजावले, “पहिले तीन आठवडे चेहरा आधी बिघडेल. सोलेल, आग होईल, आणखी पुटकुळ्या येतील. घाबरून सोडून देऊ नकोस. हे औषध असंच काम करतं.”

हे औषध. त्या हे औषध म्हणाल्या होत्या.

जेलची नळी मी प्रयोगशाळेच्या एप्रनच्या खिशात ठेवत असे. तो एप्रन घरात माझ्याशिवाय कुणी धुवत नव्हते. आईसमोर लेप लावायचे आणि मोरीत जाऊन दोन मिनिटांत धुऊन टाकायचे. झोपताना जेल. प्रकल्पातून माझे नाव काढून टाकायचे, उरलेल्या सहा मुलींचाच अहवाल द्यायचा, असे तेव्हा मी मनाशी ठरवले होते. खरेच ठरवले होते का? की आता, इतक्या वर्षांनी, स्वतःला थोडी बरी दाखवण्यासाठी ते आठवते आहे? मला सांगता येत नाही.

जेलच्या तिसऱ्या आठवड्यात चेहरा डॉक्टरांनी सांगितला होता तसाच झाला. गालांची साल निघत होती, ओठांच्या कडा फाटल्या होत्या, जुन्या पुटकुळ्यांत नव्या उगवल्या होत्या. आईने सकाळी मला उजेडात पाहिले आणि हातातली परडी खाली ठेवली.

“काय वं हे! माह्या लेपानं तं नाही झालं? सांग बरं खरं!”

खरे सांगायची ती वेळ होती. दोन वाक्ये पुरली असती. आईच्या हातांना कुटलेल्या झेंडूचा रंग लागलेला होता, तिचा चेहरा पांढरा पडला होता — आणि मी अकोल्याच्या बाईंचे वाक्य उचलून तिच्या लेपाला चिकटवले. म्हणाले, “आधी सगळी घाण बाहेर येते, आई. तीन आठवडे. मग साफ होतो चेहरा.”

“असं म्हणतं? मंग बरं.” तिने परडी उचलली. “मी म्हटलं, पोरीचा चेहरा जाळला का काय मी.”

बाराव्या आठवड्यात माझा चेहरा स्वच्छ झाला होता. किती स्वच्छ, ते तुम्हाला कसे सांगू? मी आरशासमोर उभी राहून गालावरून हात फिरवायची आणि रडायची. त्या आनंदात खोट काही नव्हती. खोट होती ती तक्त्यात. मी माझे नाव काढले नाही. सहा मुलींचे आकडे जवळपास जागच्या जागी होते. माझ्या एकटीच्या आकड्याने सरासरी वर ओढली गेली. जेलमुळे झालेली सालपटे मी अहवालात, आठवडे मागे सरकवून, “प्रारंभिक तीव्रता, तिसऱ्या आठवड्यापर्यंत” अशी नोंदवली. फार नीटनेटका तक्ता होता तो. पोस्टरवर माझ्या गालाचे दोन फोटो, आधीचा आणि नंतरचा. एका परीक्षकांनी चष्मा वर करून माझा गाल निरखला. मॅडम कौतुकाने म्हणाल्या, “पुरावा पोस्टरच्या शेजारीच उभा आहे, सर.” सगळे हसले. मीही हसले. पहिला क्रमांक आला.

इथे थांबले असते तर ही एका प्रकल्पातली लबाडी ठरली असती. पण ती थांबली नाही. बक्षिसाची बातमी गल्लीत पसरली, आणि आईच्या बचत गटातल्या बायकांनी लेपाची पाकिटे करायचे ठरवले. पाकिटावरचा मजकूर संगणकावर मी लिहिला. पहिली ओळ: गुलाबपाण्यात कालवून लावावा. दुसरी: पंधरा मिनिटांनी धुवावा. आई माझ्या खांद्याशी उभी होती.

“थे तीन हप्त्याचंही लिहिजो बरं. नाही तं बाया घाबरतेत अन् मधातच सोडून देतेत.”

मी तिसरी ओळ लिहिली. “पहिले तीन आठवडे पुटकुळ्या वाढू शकतात, घाबरून वापर थांबवू नये.” कोपऱ्यात माझा गाल, आधीचा आणि नंतरचा. एका औषधाची सूचना झेंडूच्या भुकटीवर छापून मी ती घराघरांत पाठवली. औषधशास्त्र शिकलेल्या माणसाला याहून वाईट काय करता येईल, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. फारसे काही सुचत नाही.

तुम्ही विचाराल, नंतर तरी का सांगितले नाही? मी स्वतःलाही विचारते. बहुतेक औषधांची मात्रा रक्तात ठरावीक वेळाने निम्मी होते, मग त्याच्या निम्मी. मला वाटले होते खोटेही तसेच विरत जाईल. घडले उलटे. आई गटाची अध्यक्ष झाली. बाबा दुकानात हारांच्या शेजारी पाकिटे मांडू लागले. प्रत्येक ओळखीचे माणूस माझ्या गालाकडे बोट दाखवून कुणालातरी काहीतरी सांगत होते. मी घराबाहेर पडताना माझाच चेहरा घेऊन पडत होते; तो कुठे ठेवून जाणार?

आता पल्लवीचे सांगते. इतका वेळ मी तिच्याभोवती फिरते आहे.

पल्लवी माझ्या काकांची मुलगी. माझे एम.फार्म. संपत आले तेव्हा ती सतरा वर्षांची, बारावीत, नांदगावला. लहानपणापासून माझ्या मागे मागे, ताईने केले ते तिला करायचे. तिला मुरूम येऊ लागले, तेव्हा साहजिकच लेप सुरू झाला. नवव्या दिवशी तिने मला फोनवर आपला फोटो पाठवला. मी तो मोठा करून पाहिला. त्या पुटकुळ्या नव्हत्या. जबड्यापासून मानेपर्यंत खोल, जांभळट गाठी होत्या, काही एकमेकींना भिडलेल्या. हे मी पाठ्यपुस्तकात पाहिले होते. अशा गाठींवर वेळेत औषध केले नाही तर त्या बसतात, पण जागोजाग खड्डे ठेवून जातात — हे मला माहीत होते. त्याच संध्याकाळी तिचा फोन आला.

“ताई, आई म्हणून राहिली अकोल्याले दाखवू. तिथं एक बुढी डॉक्टरीण आहे म्हणते, लय चांगली. पण मले तं नऊच दिवस झाले ना लेप लावून? तूच सांग, जाऊ का थांबू?”

बुढी डॉक्टरीण. कोण, ते मला लगेच कळले. तिच्यासमोर पल्लवी बसेल, चेहऱ्याला काय लावतेस असे ती विचारील, काकू पिशवीतून पाकीट काढतील, आणि कोपऱ्यातला गाल ती बाई ओळखील. पंधरा दिवसांवर पीएच.डी.च्या प्रवेशाची मुलाखत होती आणि अर्जात सर्वांत वर तोच प्रकल्प होता.



मी म्हणाले, “तीन आठवडे होऊ दे.”

“पक्कं ना?”

“पक्कं.”

तीन आठवडे झाल्यावर तिने पुन्हा विचारले. मी म्हणाले, आणखी थोडे थांब. दुसऱ्यांदा सांगणे सोपे गेले. हे वाक्य मी तीनदा खोडून पुन्हा लिहिले आहे, कारण ते वाचायला मला नको आहे — पण दुसऱ्यांदा खरेच सोपे गेले. मुलाखत चांगली झाली. माझी निवड झाली.

दोन महिन्यांनी काकूंनी कुणालाही न विचारता तिला अमरावतीतल्या डॉक्टरांकडे नेले. गाठी बसल्या. खड्डे राहिले. दोन्ही गालांवर, कानापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत.

त्या दिवाळीत सगळे आमच्याकडे जेवायला होते. पंगतीत कुणीतरी विषय काढला, आणि आई वाढता वाढता म्हणाली, “नियमानं लावला नसंन पोरीनं. वरून नखं लावले असतीन.”

आईला कुणाला दुखवायचे नव्हते. तिला तेच खरे वाटत होते. पल्लवी मान खाली घालून म्हणाली, “हो मोठी आई, लावले मी नखं. चुकी माहीच हाय. ताईनं तं सांगितलं होतं बरोबर.”

मी तिच्या शेजारी बसले होते. गप्प राहिले असते, तर त्याला भित्रेपणा म्हणता आले असते. मी गप्प राहिले नाही. मी म्हणाले, “हात लावायचा नसतो, पल्लू.”

तिने मान हलवली.

पल्लवी आता नर्सिंग शिकते आणि आमच्याकडेच राहते. माझ्याच खोलीत. सकाळी एकाच आरशासमोर आम्ही दोघी केस विंचरतो. ती स्वतःच्या चेहऱ्यावर विनोद करते — “मोठी आई, माह्या गालात पाणी साचन आता, डास होतीन घरात” — आणि आई हसता हसता तिच्या पाठीत धपाटा घालते. मी केसांतली गुंतवळ काढत राहते. कधी कधी आरशात आमची नजर भेटते आणि ती मला म्हणते, “तुह्या चेहऱ्याले कोणाची नजर न लागो, ताई.” तिच्या मनात असूया नाही. असती तर मला सोसले असते.

रविवारी ती आईबरोबर गटाच्या विक्रीला बसते. आईपेक्षा तिच्या हातून जास्त पाकिटे खपतात. कारण ती गिऱ्हाइकापुढे आपला गाल करते.

“हे पाहा मावशी, मी नियम मोडला अन् असं झालं. अन् हे आमची ताई, तिनं पाळला, तिचा पाहा. तीन हप्ते पोरीले सोडू देऊ नका, काहीही होवो.”

हे मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा काहीतरी विसरल्याचे निमित्त करून तिथून निघून गेले होते. आता जात नाही. आता तिथेच उभी राहते.

मागच्या एका रविवारी बडनेऱ्याहून एक बाई आल्या. नवरा रेल्वेत आहे, म्हणाल्या. बरोबर मुलगी, पंधरा-सोळा वर्षांची, तोंडाला स्कार्फ. तिच्या आईने दोनदा सांगितले तेव्हा तिने तो सोडला. जबड्याच्या दोन्ही बाजूंना गाठी होत्या. खोल, जांभळट. पल्लवीने नेहमीप्रमाणे आपला गाल दाखवला, पाकिटावरची ओळ वाचून दाखवली, आणि मग मला पुढे ओढले. “ताई, तूच सांग यायले. हे सारं शिकवते कॉलेजात.”

बाईंच्या चेहऱ्यावर तो विश्वास उमटला, जो मी पुष्कळ चेहऱ्यांवर पाहिला आहे. मुलगी मात्र माझ्याकडेच बघत होती. गालाकडे नाही, डोळ्यांकडे.

“मॅडम, वाढलं तरी लावतच राहायचं?”

पल्लवीचा हात माझ्या दंडावर होता. माझी आई सुटे शोधत होती. काय म्हणायचे ते मला पाठ होते: हिला आज, आत्ता, डॉक्टरांकडे न्या, लेपाने हे बरे होत नाही, माझेही झाले नव्हते.

मी म्हणाले, “हो. तीन आठवडे.”

तिने स्कार्फ पुन्हा बांधला आणि पाकीट स्वतःच्या पिशवीत नीट उभे ठेवले.

तिचे नाव मी विचारले नाही. आज सतरावा दिवस आहे.